'मम्पिर' या शब्दाचे लक्षण

जेंग मुर्तिनीबाई यांस, योग्यकर्ता शहराहून विर्योनोचा सविनय सलाम.

आपला डावा गुडघा आता कसा आहे? (मागील संदेशात आपण उजवा म्हटले होते, त्याआधीच्या दोन्हींत डावा, मी बहुमत ग्राह्य धरतो.) मलांगची हवा थंड, तेव्हा लेकीच्या घरी गुडघ्यावर शाल घेत असालच. माझी प्रकृती उत्तम आहे, निदान डॉक्टर 'उत्तम' या शब्दाची जी व्याप्ती मानतात तिच्यात ती बसते. महाविद्यालयात एका टेबलाशी आपण मुलांचे व्याकरण दुरुस्त करीत होता आणि शेजारच्या टेबलाशी मी त्यांचा तर्क; यश दोघांनाही आले नाही, हे आपणांस स्मरत असेल.

ते आठवण्याचे कारण असे की निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी मला पुन्हा एक विद्यार्थी मिळाला आहे, आणि तो यंत्र आहे. माझी पुतणी हप्सारी हिच्या कंपनीने वृद्धांसाठी एक एआय सहायक तयार केला आहे. तो फोनमध्ये राहतो, संदेश वाचतो, उत्तरे धाडतो, तिकिटे काढतो. प्रत्येक कामासाठी त्याच्या हाती एक साधन असते आणि साधनासोबत चार ओळींचे वर्णन: हे काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये. साधन वापरावे की नाही, हे तो त्या चार ओळींवरूनच ठरवतो. हप्सारीच्या सहकाऱ्यांनी एका साधनाचे वर्णन 'भेटीसंबंधी' एवढेच केले होते. (हे वर्णन की बरणीवरची चिठ्ठी?) मी नापसंती दाखवताच ती म्हणाली, "पाकदे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्याख्या खोडल्यात, आता एक स्वतः लिहून दाखवा की." थोरल्या काकाशी असे बोलण्याची मुभा तिला लहानपणी मीच दिली, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

मी लिहिले: 'कोणी घरी येण्याचे निमंत्रण दिल्यास या साधनाने ते स्वीकारावे, दिवस व वेळ ठरवावी, प्रवास असल्यास तिकीट काढावे आणि यजमानास कळवावे.' वाक्य मला निर्दोष वाटले, म्हणून चाचणीसाठी स्वतःचा फोन दिला. 'निमंत्रण' म्हणजे काय, हे सांगायचे मात्र राहिले. आपल्या जावात ते कोण सांगतो? दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आपण 'मम्पिर' म्हणतो, या ना घरी, आणि तो 'हो हो, येतो' म्हणत चालता राहतो. खरेच कोणी थांबला तर यजमानाला घाम फुटेल. हे आपल्या मुलांना पायात चप्पल येण्याआधी कळते. यंत्राला कोणी सांगितले नव्हते. तीन दिवसांत त्याने माझ्या अकरा भेटी ठरवल्या. अतिव्याप्तीचे इतके सुबक उदाहरण मी वर्गात कधी देऊ शकलो नव्हतो.

ठरल्या वेळी न जाणे असभ्यपणाचे, म्हणून गेलो. आळीचे प्रमुख पाक जुमादी बनियनवर शिडीवर उभे होते, पन्हळ साफ करीत. चहा आला. यजमानाने 'घ्या' म्हटल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही एवढे वळण मला आहे, आणि 'घ्या' म्हणण्याचे भान त्यांना राहिले नव्हते. तेव्हा आम्ही दोघे सभ्य माणसे अर्धा तास एका निवत्या पेल्याकडे पाहत बसलो. मग ते खायला आणण्यासाठी आत गेले. पडद्यामागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "तुम्हीच म्हणालात ना या म्हणून? आता निस्तरा." त्यावर ते हळू म्हणाले, "अगं, मी सगळ्यांनाच म्हणतो. कोणी येतं का?" ते वाक्य माझ्यासोबत घरी आले. (दुसऱ्या घरी पती-पत्नी लग्नाला निघालेले होते. ठेवणीतल्या बाटिकच्या कपड्यांत ते माझ्यासमोर तासभर हसतमुख बसले आणि लग्न चुकवले. उरलेल्या नऊ ठिकाणी मी ताप आल्याचे कळवले.)

हप्सारी पोट धरून हसली, मग म्हणाली की यंत्राने माझेच ऐकले. हे खरे होते. मी वर्णनाला जोड दिली: 'वार, वेळ किंवा खाण्याचा पदार्थ सांगितला असेल तरच निमंत्रण समजावे, एरवी ते सौजन्य, साधन वापरू नये.' पडताळणीसाठी संदेश हवे होते, म्हणून आपण मला धाडलेले गेल्या नऊ वर्षांचे ईदचे संदेश दिले. प्रत्येकाच्या शेवटी तेच: 'मलांगला आलात तर मम्पिर.' आठ वेळा यंत्राने उत्तर दिले, सौजन्य. मीही दरवर्षी हाच निष्कर्ष काढीत आलो होतो. शास्त्रदृष्ट्या तो निर्दोष आहे. नवव्या संदेशाला मात्र ते अडले. त्यात आपण लिहिले होते, 'मम्पिर. परसातला पेरू यंदा लवकर पिकला, आणि इथे तो कोणाला आवडत नाही.' यंत्राने विचारले, "हे सौजन्य की निमंत्रण, ठरवता येत नाही. यजमानास विचारू का?" मी नको म्हणालो. नंतर पेरू हा पदार्थ मानावा की नाही, यावर मी दोन दिवस घालवले.

आपण टेबलाच्या खणात तिखट-मिठाची पुडी ठेवीत होता. पेरू कापून अर्धा न बोलता माझ्या टेबलावर सरकवीत होता. त्या कृतीला कसलेच वर्णन जोडलेले नव्हते, तरी इतक्या वर्षांत तिचा अर्थ लावताना मी एकदाही चुकलो नाही.

लेकीस व नातवंडांस आशीर्वाद.

आपला,
विर्योनो

ता.क. हे पत्र केवळ वर्णनाच्या सुधारणेसाठी आहे. विनंती एवढीच, की आपल्या त्या वाक्याला एक वार जोडावा. वार नको असल्यास पदार्थ चालेल. दोन्ही नको असल्यास दुखरा गुडघा कोणता तेवढे कळवावे, मी समजेन.

पुन्हा ता.क. त्या पहिल्या तीन दिवसांत यंत्राने जुने संदेशही वाचून काढले होते, असे आता उघडकीस आले आहे. येत्या बारा तारखेच्या सकाळच्या गाडीचे मलांगचे तिकीट माझ्या नावावर निघालेले आहे. आपणांस कळवण्याआधीच हप्सारीने चाचणी थांबवली. तिकीट रद्द करण्याचे साधन वेगळे आहे. त्याचे वर्णन लिहिण्याचे काम माझ्याकडेच आहे, आणि ते मी अजून हाती घेतलेले नाही.