‘ढोंग’ या शब्दाची नोंद

३ जून, सकाळी ११.१०
आज मुख्य संपादकाने, म्हणजे त्या टकल्याने, भर मीटिंगमध्ये माझी ‘ढेकूण’ची नोंद परत केली. म्हणे दुसऱ्या शब्दकोशातून जशीच्या तशी उचललीय. साफ खोटं. दोन शब्द बदलले होते. याचा सूड घेतला नाही तर बापाचं नाव लावणार नाही.

४ जून
देव आहे! पुढचा शब्द माझ्याच वाट्याला आला: ‘ढोंग’. अर्थ एका ओळीत संपतो. मनात एक, दाखवायचं भलतंच. खरी मजा पुढे, वापराची तीन वाक्यं द्यायची असतात. तिन्हींत टकल्याला सोलणार. नाव न घेता. कोश छापून आला की पन्नास वर्षं पोरंटोरं वाचतील.

५ जून, दुपारी ३
वाक्यांवर विचार चालू. माझा विचार डोळे मिटून चांगला होतो, म्हणून फाईल उघडी आणि पेन हातात ठेवतो. टायपिस्टबाईंनी उगाच टेबल वाजवलं. दचकलो. वाक्य गेलं.

९ जून
घसा बसलाय असं बसक्या आवाजात फोनवर कळवलं. सूड घरीच निवांत लिहिता येतो. पण टीव्हीवर मॅच होती. उद्या नक्की.

१० जून
झाली!
‘कामाचे ढोंग करून तो दिवसभर खुर्ची उबवतो.’ (टकल्या सकाळी आठलाच येऊन बसतो. एवढं काम असतं का कुणाला?)
‘त्याचे विद्वत्तेचे ढोंग चार पानांत उघडे पडले.’
‘आजारपणाचे ढोंग त्याला छान जमते.’ (गेल्या वर्षी हार्टच्या ऑपरेशनचं निमित्त करून तीन आठवडे गायब होता.)

११ जून
हिला वाचून दाखवलं. पोट धरधरून हसली. मग म्हणाली, की तुम्ही स्वतःबद्दल इतकं खरं लिहाल असं वाटलं नव्हतं. हिला कोशाच्या कामातलं काही कळत नाही.

१२ जून
नोंद दिली. उद्याच्या मीटिंगमध्ये टकल्याची जिरणार. बहुतेक राजीनामाच देईल. जाता जाता त्याची केबिन पाहून आलो. पडदे बदलावे लागतील.

१३ जून
टकल्याने नोंद मोठ्याने वाचली. पहिल्याच वाक्याला टायपिस्टबाई फिस्सकन हसल्या. तिसऱ्याला प्रूफवाला खुर्चीवरून पडायचाच राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते. त्याच्याकडे एकही नाही.
मग तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, की स्वतःला असं चारचौघांत उघडं करायला हिंमत लागते, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच तुमची नोंद एकही दुरुस्ती न करता पास करतोय. डोळे भरून आले होते त्याचे. अगदी खरेखुरे, हीच पंचाईत. टाळ्या वाजल्या.
मी हात जोडले आणि म्हणालो, की मनापासून लिहिलंय.