हाड ओळखायची रीत

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे वाकत असतील आणि मामींचा राग उतरला असेल, असं धरून चालतो.

माझं आयुष्य कुठल्या क्षणी बिघडलं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. (ओरडून विचारलंत, पण ते असो.) प्रदर्शनात जीभ दगडाला चिकटली, त्या क्षणी. जीवाश्मांवर संशोधन करणाऱ्या एका मुलीने तो हातात दिला आणि म्हणाली, जिभेला लाव. चिकटलं तर हाड, नाहीतर नुसता दगड. जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, म्हणून या धंद्यातली मोठमोठी माणसंही असंच चाटून बघतात म्हणे. चिकटलं. ती हसली. आठवड्याभरात मी कॉमर्स सोडलं. प्राचार्यांना केबिनमध्ये जाऊन जरा मोठ्यानेच सांगितलं, की कोट्यवधी वर्षांचा हिशेब ठेवणाऱ्याला तुमचा ताळेबंद काय शिकवणार. (शाईची बाटली टेबल हलल्यामुळे सांडली. टेबल कोणी हलवलं हा वेगळा विषय.)

तिच्या संग्रहालयाच्या तळघरात मला झाडलोटीचं काम मिळालं. ती समोर बसून सुईने एकाच मणक्यावरची माती महिनोन्‌महिने काढते. तिच्या पुढच्या उत्खननाला एक मदतनीस लागणार होता. तो मीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. परवा टेबलाखाली एक पांढरा तुकडा सापडला. जिभेला असा चिकटला की पाणी ओतून सोडवावा लागला. मी सगळ्यांना गोळा केलं. संग्रहालयाचे साहेब म्हणाले, हाड नाही. मी म्हणालो, चष्म्याचा नंबर तपासा. मग तिने हळूच सांगितलं, की खोदलेली हाडं प्लास्टरमध्ये गुंडाळून आणतात, हा त्याचाच कपचा. प्लास्टरही चिकटतं. केरातलं कोणी चाटेल असं न वाटल्यामुळे तिने ते आधी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी झाडू काढून घेतला. मदतनीस आता पदवीधरच घेणार. मी चिडून निघालो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आधी कॉलेज पुरं कर रे. हाडं कुठे पळून जात नाहीत." हाडं थांबतील हे कळलं. ती थांबेल का, हे विचारायचं राहिलं.

त्या कॉलेजचं तोंड मात्र मी जन्मात बघणार नाही.

तुमचा भाचा

ता. क. प्राचार्य तुमचे वर्गमित्र ना? त्यांना भेटून माझ्या वतीने माफी मागा. शाई माझ्यामुळेच सांडली, हेही सांगा.

ता. क. २. आईला यातलं काही सांगू नका. तिच्या लेखी माझी परीक्षा चालू आहे.

ता. क. ३. ती कामावरून सुटायची वेळ झाली. ते एक विचारून टाकतो. निघतो, दार ओढून घेतो.