थकलेल्या माणसाचा खेळ

९ जानेवारी

चि. बारक्यास,

अ. उ. आ.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं आणि मी एकटीच घरात वेड्यासारखी हसत बसले. अरे, तू घोडा पुढे टाकला आहेस. कुठला घोडा? तो मी नोव्हेंबरातच मारला. इथे माझ्या खिडकीतल्या बिस्किटाच्या डब्यात पडलाय बिचारा. एकवीस वर्षं आपण पत्रांतून बुद्धिबळ खेळतोय, एका पत्राला एक खेळी. पोस्टात टाकलेली खेळी परत घ्यायची नाही हा नियमही तुझाच. पण मेलेल्याला उठवून लढायला पाठवायचं नाही हा नियम आपल्या दोघांच्या आधीपासूनचा आहे, तेव्हा दुसरी खेळी पाठव. यावेळी माफ. मोठी बहीण म्हणून एवढं तरी करायलाच हवं.

माझा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. स्टुलावर चढून माळ्यावरचं सामान काढायची हौस कुणाला होती, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मार्चशिवाय उठायचं नाही म्हणे. शेजारीण दोन वेळचा डबा देते आणि त्याबरोबर साऱ्या इमारतीच्या बातम्या फुकट.

वहिनीची तब्येत कशी आहे? दिवाणावरच्या उश्यांचे अभ्रे शिवणार होती ती, झाले का? तू चार ओळी खुशाल लिहितोस पण तिच्याबद्दल अर्धी ओळ. तिला माझा आशीर्वाद सांग, आणि तुझ्या घोड्याच्या आत्म्याला शांती.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

१८ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

घोड्याबद्दल शरमलो. डोळे आले होते, त्यामुळे पटावर नीट लक्ष नव्हतं. आता माझा उंट तुझ्या उंटाला मारतो. हा उंट जिवंत आहे, दोनदा हात लावून पाहिला.

तू हसलीसच आहेस तर आणखी हस. परवा कारखान्यात चाळीस शर्टांचं कापड अंथरलं, बाहीचा नमुना ठेवला, यंत्र फिरवलं. नमुना उलटवायचा राहून गेला. ऐंशीच्या ऐंशी बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. बत्तीस वर्षं कापड कापतोय, असं कधी झालं नव्हतं. मालक ओरडले नाहीत. दोन्ही हात डावे असलेली चाळीस गिऱ्हाइकं आता तूच शोधून आण, एवढंच म्हणाले. शिलाईकडच्या बायका दिवसभर मला डाव्या हातानं सलाम ठोकत होत्या. कापलेलं कापड जोडता येत नाही, म्हणून त्यातून लहान मुलांच्या टोप्या काढल्या.

बाकी सगळं ठीक. हिला जिना चढताना थोडा दम लागतो, पण आता जिना चढायचं कारणच नाही, त्यामुळे प्रश्न मिटला. अभ्रे अजून व्हायचेत. तू पाय जप.

माया ठेव, आणि वजीर जरा आवर.

तुझा,
बारक्या

२६ जानेवारी

चि. बारक्यास,

अ. उ. आ.

मी प्याद्यानं तुझा उंट घेतला. पण आज खेळीबद्दल लिहायला बसलेले नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकोणतीस वर्षं रात्रपाळ्या केल्या. सकाळी घरी यायचे तेव्हा तू पट मांडून दबा धरून बसलेला असायचास आणि माझा धुव्वा उडवायचास. आईनं एकदा तुझा कान धरून सांगितलं होतं की ताई झोपून उठल्यावर जिंकलास तर खरा. तेव्हा थकलेल्या माणसाचा खेळ कसा असतो हे मला कुणी शिकवायला नको. त्याला जी खेळी पहिल्यांदा दिसते ती तो सोडत नाही. आपली खेळी झाल्यावर समोरचाही काही करणार आहे, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. पटाचा एक कोपरा धरून बसतो आणि दुसरीकडे घर जळालं तरी त्याला पत्ता नसतो. शेवटी तो दिसेल त्याची अदलाबदल करत सुटतो, कारण पट रिकामा झाला की विचार कमी करावा लागतो.

काल तुझी मागची सगळी पत्रं काढून पट मांडत गेले. सप्टेंबरपर्यंत तू माणसासारखा खेळतोस. त्यानंतर तू पडत चालला आहेस रे. ऑक्टोबरात फुकट प्यादं दिलंस, मी खूश झाले. नोव्हेंबरात घोडा दिलास, मला वाटलं माझा खेळ सुधारला! आता उंटांची ही अदलाबदल, जिच्यात तुझा काडीचा फायदा नाही. त्यात त्या ऐंशी बाह्या. डोळे आलेला माणूस अशा चुका करत नाही. न झोपलेला करतो.

किती महिने झोपला नाहीस आणि का, ते सरळ लिही. आडपडदा ठेवलास तर मी प्लास्टरसकट तिकडे येईन.

तुझी,
ताई

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. लपवायचं मात्र ठरलं होतं, कारण तू अंथरुणाला खिळलेली आणि उगाच जिवाला घोर.

हिचं हृदय थकलंय. सप्टेंबरात मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. औषधं चालू आहेत, पण औषधानं उतरण थोडी हळू होते, चढ येत नाही, असं ते म्हणाले. तिला आडवं झोपता येत नाही, छातीत पाणी होतं. खुर्चीत उश्या लावून ती बसते, मी बाजूला खाटेवर. तासा-दीड तासानं ती घसरते, तिला वर उचलून बसवावं लागतं. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई मी कामावर असताना बसतात. रात्र माझी.

उचलून बसवल्यावर लगेच पुन्हा झोपता येईल, असं तू म्हणशील. येतं. पण मी झोपत नाही. तिनं एकदाच माझ्याकडे काही मागितलं, ताई. जाताना मी एकटी नको, मला फार भीती वाटते, तेव्हा तुम्ही जागे असा. मी हो म्हटलं. आता ती वेळ कुठली हे कुणाला ठाऊक? म्हणून सगळ्याच वेळा जागायच्या. पट खाटेजवळ मांडून बसतो. चार-पाच रात्री त्याच खेळीकडे बघतोय आणि सोंगट्या नुसत्या लाकडाच्या दिसतात. पूर्वी त्या चालायच्या. आता चालत नाहीत.

हत्ती एक घर डावीकडे. बरा आहे की वाईट, मला खरंच कळत नाही.

माझ्यावर रागावू नकोस. एवढीच माया पुरे.

तुझा,
बारक्या

७ फेब्रुवारी

ती. वन्संना,

सा. न. वि. वि.

हे पत्र मी नर्सबाईंकडून लिहवून घेते आहे, कारण चार ओळींत माझा हात गळतो. हे कारखान्यात गेलेत. पत्र आलं होतं हे त्यांना कळू देऊ नका, आणि वाचून झालं की फाडून टाका.

मी त्यांच्याकडून जागं राहण्याचं वचन घेतलं, ते भीतीनं घेतलं. तेव्हा नुकतंच कळलं होतं. आता वन्सं, भीतीसुद्धा म्हातारी झाली. रोज भेटणाऱ्या माणसाची किती भीती वाटणार? पण यांचे हाल मला बघवत नाहीत. परवा चहात मीठ घातलं आणि अख्खा कप प्यायले, चेहऱ्यावर काही नाही. काल पटावरच डोकं टेकलं, पाच मिनिटांनी दचकून उठले तर गालावर प्याद्याचा गोल ठसा. मला इतकं हसू आलं आणि मग रडू आलं. कारखान्यातल्या यंत्राला पातं असतं. एक दिवस बाहीऐवजी हात कापला जाईल, या विचारानं मला झोप येत नाही. म्हणजे आता दोघंही जागे!

मी वचन परत घेते म्हणून चार वेळा सांगितलं. ते म्हणतात, पोस्टात टाकलेली खेळी परत येत नाही. तुमच्या खेळातले नियम तुम्हीच त्यांच्या डोक्यातून काढा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. लहानपणापासून ऐकत आले आहेत, हे मी लग्नानंतर आठ दिवसांतच ओळखलं होतं आणि तेव्हा मला त्याचा रागही यायचा.

त्यांना एक रात्र तरी झोपवा. मग पुढचं पुढं. तुमचा पाय सांभाळा. माझ्या वाटणीचा सगळा लोभ आता त्यांच्यावर करा.

तुमची,
वहिनी

१२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अ. उ. आ.

तुझी हत्तीची खेळी मी स्वीकारत नाही. एकवीस वर्षांत प्रथमच तुझा नियम मोडते आहे आणि मोठेपणाच्या हक्कानं मोडते आहे.

अर्धमेल्या माणसाला हरवून मला काय मिळणार? हे पत्र मिळेल त्या रात्री तू झोपायचंस. सहा तास, मध्ये फक्त वहिनीला वर बसवण्यापुरतं उठायचं. नर्सबाईंना विचारून गजर लाव. सकाळी ताज्या डोळ्यांनी पट बघ आणि मग जी खेळी सुचेल ती पाठव. तोवर तुझं पत्र मी उघडणार नाही.

वचनाचं म्हणशील तर, जागा राहूनही जो माणूस डाव्या-उजव्या बाहीतला फरक ओळखत नाही, तो जागा असून काय उपयोगाचा? कडक लिहिलंय. पण तू माझं ऐक.

तुम्हा दोघांवरचा माझा जीव तिळभर कमी झालेला नाही.

तुझी,
ताई

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी दोन वाक्यं बोललो, बाकीचं लिहितो.

तुझं पत्र सोळाला मिळालं. मी झोपलो. अकरा, साडेबारा आणि दोनला गजर झाला, तिला वर बसवलं. दोनला ती म्हणाली की आता बरं वाटतंय, पुढचा गजर बंद करा, लागलं तर मी हाक मारीन. मी बंद केला.

सात वाजता डोळे उघडले. ती खुर्चीत खिडकीकडे मान करून होती. मला वाटलं, हिलाही एकदाची झोप लागली. म्हणून आवाज न करता पडून राहिलो आणि पटाकडे पाहिलं. ताई, सोंगट्या चालत होत्या. तीन आठवडे जी दिसत नव्हती ती खेळी समोर पडलेली होती. उरलेला घोडा मागे घ्यायचा. पुढे नाही, मागे. तिथून तुझा वजीर आणि हत्ती दोन्ही एकदम सापडत होते. मी इतका खूश झालो की तोंडातल्या तोंडात शीळ घातली. पाय न वाजवता चहा टाकला, दोन कप. तिला बुद्धिबळातलं काही कळत नाही, तरी तिला सांगायचं होतं. कप ठेवून तिच्या हाताला हात लावला.

पाच महिने जागलो आणि एका रात्री झोपलो. त्या रात्री ती एकटी गेली. आणि ती गेलेली असताना मी हातभर अंतरावर पडून शीळ घालत होतो.

तू झोप म्हणालीस म्हणून मी झोपलो. तुला दोष देत नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. आणखीही एक गोष्ट आहे, ती लिहवत नाही.

खेळी पाठवत नाही.

बारक्या

२७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अ. उ. आ.

दोष दे. मला तो सहन होईल.

सोबतचं पत्र वहिनीचं आहे. वाचून फाडून टाका असं तिनं लिहिलं होतं. मी फाडलं नाही, आणि तुला कळू देऊ नका असं लिहिलं होतं, तेही आज मोडते आहे. तिचा शब्द मोडताना मला भीती वाटते. चार दिवस पाकीट बंद करते आहे आणि उघडते आहे. पण तू हे न वाचता उरलेलं आयुष्य काढावंस हे मला पटत नाही.

झोप म्हणून सांगणारी मी एकटी नव्हते. मी नुसती पोस्टमन होते. अक्षर नर्सबाईंचं असलं तरी बोलणं कुणाचं आहे हे तुला पहिल्याच ओळीत कळेल.

ती गेल्याचं कळल्यापासून माझाही डोळ्याला डोळा लागलेला नाही. प्लास्टर सहा तारखेला काढतात. काठी घेऊन सरळ तुझ्याकडे येते. येऊ नको म्हणालास तरी येते.

तुझी,
ताई

४ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दारातच उभ्यानं वाचलं, मग आत येऊन पुन्हा वाचलं.

लिहवत नाही म्हटलं होतं ती गोष्ट आज लिहितो. तिच्यात हाक मारण्याएवढा आवाज उरला नव्हता. म्हणून मी कारखान्यातली एक सुती फीत आणून तिचं एक टोक तिच्या डाव्या मनगटाला आणि दुसरं माझ्या मनगटाला बांधत असे. काही वाटलं की तिनं ओढायचं. ती दोनला हाक मारीन म्हणाली ती या फितीचीच हाक. त्या सकाळी उठलो तेव्हा माझं मनगट मोकळं होतं. घोड्याच्या नादात ते माझ्या लक्षातही आलं नाही, नंतर आलं. झोपेत मीच ओढून तोडली असणार, तिनं ओढली असेल आणि पलीकडे कुणीच नसेल, असं मी धरून चाललो होतो. पंधरा रात्री तेच डोळ्यांसमोर. फीत शोधायचीही हिंमत झाली नाही.

तुझं पाकीट वाचून झाल्यावर शोधली. तिच्या स्वेटरच्या खिशात होती. तुटलेली नाही. दोन बोटांभोवती गुंडाळून, शेवटचं टोक आत खोचून ठेवलेली, ती घरातल्या सगळ्या फिती ठेवायची तशी. माझ्या मनगटाची गाठ पक्की होती, मी स्वतः मारलेली. ती सोडायला तिला खुर्चीतून पुढे वाकावं लागलं असेल. पाण्याचा पेला उचलला तरी तिला धाप लागायची. मला जाग येऊ न देता ती गाठ सोडायला तिला अर्धा-पाऊण तास तरी लागला असेल. तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत होती. घाबरली असती तर तिनं फीत ओढली असती, ताई. तिनं ती सोडली.

तू ये. स्टेशनवर घ्यायला येतो. दोघांच्या वाटणीचं प्रेम आता तुलाच द्यावं लागणार.

तुझा,
बारक्या