आमच्या भागाच्या बातम्यांत देवश्री

वाल्डॉर्फ, जर्मनी

ती. सुरेखामावशीस मैथिलीचा नमस्कार. तुझा मोतीबिंदू निघाला, आता लख्ख दिसतं, हे वाचून आनंद झाला. फक्त वेळ चुकली. तुझ्या नातीने, ईश्वरीने, तुला आमचा टीव्हीवरचा तो व्हिडिओ दाखवलाच असेल. त्यात मागे मुकाट्याने कोथिंबीर निवडणारी, हिरव्या पैठणीतली, ती मीच.

झालं असं. इथल्या सार्वजनिक टीव्हीवर आमच्या भागाच्या बातम्या लागतात. आम्ही आलो तेव्हा तो कार्यक्रम आठवड्यातून एकदा, पाव तास; त्यात एक रस्ता बंद आणि एक गाय तळ्यात. (माझं जर्मन त्या गाईवरच पोसलं.) मग तो रोजचा झाला, अर्ध्या तासाचा झाला, आणि यंदा त्यात परदेशातून आलेल्यांवर ‘आमचे नवे शेजारी’ असं सदर निघालं. मीच ईमेल करून त्यांना घरी बोलावलं. इतकी जुनी प्रेक्षक, माझ्याशिवाय कोणाचा हक्क? वार्ताहर बाई आल्या, कॅमेरा आला. हरीशला (नवरा असला तरी) कोपऱ्यात बसवलं आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. दुसऱ्याच वाक्यात क्रियापद शेवटी ठेवायचं होतं, ते सापडेचना. तेवढ्यात शेजारची देवश्री कोथिंबीर मागायला आली. घरच्या कपड्यांत! माझ्यानंतर चार वर्षांनी आलेली, डेर-डी-डास, म्हणजे जर्मनमधली तिन्ही लिंगं, तिला सगळं सारखंच. बाईंनी तिला सहज विचारलं, इथलं काय आवडतं? ही म्हणाली, “रविवारी दुकानं बंद असतात ते. नवरा घरात सापडतो.” कॅमेरावाला इतका हसला की कॅमेरा हलला. झालं, माझ्या हातात कोथिंबीर आली आणि तिच्या हातात माइक.

आता बेकरीतली बाई तिला नावाने हाक मारते आणि मला विचारते, तुम्ही तिच्या कोण? अन्वीला म्हटलं, आई कशी दिसली गं? तर म्हणाली, “मामा, पाइनलिश!” (मामा म्हणजे इथे आई, आणि पाइनलिश म्हणजे लाज आणलीस. पोरीला मराठी कळतं, पण अपमान ती जर्मनमध्येच करते.) हरीश म्हणाला, “कोथिंबीर मात्र छान निवडलीस हं.” त्या दिवसापासून आमच्याकडे आमटी बिनकोथिंबिरीची आहे.

बाकी क्षेम. मी जळत वगैरे नाही.

तुझी,
मैथिली

ता. क. ईश्वरी जर्मन शिकतेय ना? तिला वाहिनीला एक ईमेल करायला सांग : त्या पैठणीवाल्या बाईंना पुढे आणा. नातं लिहू नये.

ता. क. २ : ईमेल थांबव. आत्ताच देवश्री येऊन गेली. शुक्रवारी तिला स्टुडिओत बोलावलंय, थेट प्रक्षेपणाला, आणि ती चक्क रडत होती. “मैथिलीताई, तिथे माझं तोंडच उघडणार नाही हो. तुम्ही शेजारी बसाल?” मी मोठ्या मनाने हो म्हटलं. तिला धीर यावा म्हणून एखादा घरगुती उपाय कळव. फार गुणकारी नको.