कावळ्यासमोर सोडलेले शब्द

॥ श्री ॥

चौल, ता. ९ फेब्रुवारी १९६१

रा. रा. तुळशीरामदादा यांस,

शिवदासचा सप्रेम नमस्कार. सुतक फिटले म्हणून वर श्री घातला आहे, हात मात्र अजून बिचकतो. तुमच्या पायाचे प्लास्टर निघाले का? चाळीच्या जिन्यावर जपा. नीरावहिनींना नमस्कार. पायामुळे तुम्हाला तुमच्या बहिणीच्या दहाव्याला येता आले नाही, आणि तिथे काय झाले ते चंदरने सांगितले असेल असे वाटत नाही. (तो कमी बोलतो. हा गुण माझा. बाकीचे राहीचे.) म्हणून लिहितो. पत्र नेहमीप्रमाणे कोणाकडून वाचून घ्यालच.

तुम्हाला ठाऊक आहे, मी मिठागराच्या कचेरीत सव्वीस वर्षे काढली. इतर कारकून तिथून टाचण्या, टाक, शाईच्या पुड्या घरी नेत. मी टाचणीसुद्धा आणली नाही, याचा मला अभिमान होता. पण आमचे साहेब तरुण कारकुनांना जे इंग्रजी शब्द बोलत, ते मी रोज संध्याकाळी घरी आणत होतो, हे फार उशिरा कळले. इडियट, लोफर, यूजलेस, होपलेस. माझ्या तरुणपणी ते मी खाली मान घालून ऐकले, आणि चंदरला मिसरूड फुटल्यावर त्याला ऐकवले. मराठीत तेच बोललो असतो तर राहीने मला जेवायला वाढले नसते. इंग्रजी होते म्हणून घरात चालून गेले. पोरगा उशिरा उठला की होपलेस. मॅट्रिकला गणितात राहिला तेव्हा यूजलेस. केसांचा कोंबडा काढू लागला तेव्हा वर्तमानपत्रात वाचलेला टेडी बॉय हा शब्द मी स्वतःच्या अकलेने जोडला. (साहेबांकडे तो नव्हता, ते त्याआधीच विलायतेला गेले.) केसांना लावायच्या त्याच्या सुवासिक तेलाची बाटली मी रेवदंड्याच्या खाडीत फेकली, हे तर तुमच्यापर्यंत आले होते. गेल्या पाच-सहा वर्षांत त्याला नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही.

दहाव्याला न्हावी समोर बसला आणि चंदरने मान पुढे केली. ज्या केसांसाठी मी तीन वर्षे भांडलो ते दोन मिनिटांत वाळूवर पडले. मला समाधान व्हायला हवे होते. पुढचे थोडे राहू दे, असे न्हाव्याला सांगावेसे वाटले, पण अशा वेळी तसे सांगायची रीत नाही.

पिंड मांडले. राहीच्या आवडीचा चहा बशीत ठेवला. सुरूवर सात-आठ कावळे होते, एकही खाली येईना. माझी बहीण गोदू म्हणाली, हिच्या पाटल्या हिच्या सुनेलाच घालीन. शेजारचे रावजी म्हणाले, तिने लावलेल्या पोफळींना पाणी घालीन. कोणी तर माझ्या वतीने गाय दान देऊन टाकली. (माझ्याकडे गाय नाही.) ऊन चढले, चहावर साय धरली. शेवटी तुमचे कोंडाजीकाका काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "शिवदास, ते कचेरीतले शब्द सोड. पोरीचा जीव त्यातच अडकलाय."

मी हात जोडून हळूच म्हणालो, सोडले.

"कावळ्याला ऐकू जाऊ दे. आन् मोघम न्हाय चालायचं. एकेकाचं नाव घेऊन सोड."

मग चाळीस माणसांसमोर मी एकेक शब्द मोठ्याने उच्चारून सोडला. इडियट सोडला. लोफर सोडला. चंदर समोर तुळतुळीत डोक्याने उभा होता, आणि सोडता सोडता ते सारे मी त्याला शेवटचे एकदा बोलून घेतोय, असेच बघणाऱ्याला वाटले असेल. टेडी बॉयपर्यंत आलो तरी कावळा ढिम्म. तेव्हा चंदर पुढे झाला, माझ्याशेजारी वाकला आणि म्हणाला, "आई, बाबांना मी बघतो. तू जा."

कावळा उतरला.

पत्र इथेच संपवता आले असते तर बरे झाले असते. पण तेराव्याला पंगतीत चंदर आमटी वाढत होता, भांडे कलंडले, पाहुण्याचे धोतर भिजले, आणि दादा, माझ्या तोंडून इडियट निघून गेला. पंगत थांबली. त्याने भांडे सरळ केले आणि शांतपणे म्हणाला, "हळू, बाबा. कावळा अजून लांब गेला नसेल." दोघेतिघे हसले. मीही हसणार होतो, पण त्याच्या डोळ्यांकडे लक्ष गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो रेवसला आणि तिथून लाँचने तुमच्याकडे आला. निघाला तेव्हा मी ओटीवरच होतो. हाक मारायला तोंड उघडले तर सोडलेले शब्दच पुढे आले, म्हणून मिटले. नाव सापडेपर्यंत तो वळणापलीकडे गेला होता.

हल्ली चहाच्या वेळी एक कावळा मागच्या दगडी गडग्यावर येऊन बसतो. तोच असेल असे मी म्हणत नाही, पण त्याच्यादेखत जपून बोलतो. (एकट्या माणसाला जपून बोलायला फारसे कष्ट नसतात.) दादा, इंग्रजीत चांगल्या मुलांसाठीही शब्द असतीलच. आमच्या साहेबांना ते कधी लागले नाहीत, त्यामुळे मला माहीत नाहीत. चाळीत कोणी शिकलेला असेल तर विचारून कळवा.

आपला,
शिवदास

ता. क. रविवारी, १९ तारखेला, राहीचा महिना आहे. तुम्ही पाय घेऊन येऊ नका. चंदरला कामधंद्यातून सवड नसेल तर माझा आग्रह नाही.

आणखी ता. क. चंदर, मामांना वाचता येत नाही आणि हे पत्र तूच वाचून दाखवणार, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होते. एवढे मात्र त्यांना वाचून दाखवू नकोस. वर आग्रह नाही असे लिहिले, ते खरे नाही. बाटली मी खाडीत टाकली नव्हती, माझ्या ट्रंकेत होती. तुझ्या आईला ठाऊक होते. काल ती आरशाच्या फळीवर ठेवली आहे. केस आता बोटाला लागत असतील. रविवारी पहिल्या लाँचला मी रेवसच्या धक्क्यावर उभा राहीन आणि तू उतरलास की नावाने हाक मारीन. परसात रोज सराव करतो. आधी कावळा दचकून उडायचा, आता बसून राहतो.