भावोजींनी शिकवलेलं मरण

अहो,

तुम्ही दोघे भाऊ तालमीवरून याल तेव्हा आम्ही मायलेकी आईकडे असू. वेश चढवून लोकांसमोर जुन्या लढाया पुन्हा लढायचं तुमचं वेड तुम्हाला लखलाभ. चिलखत जुनं दिसावं म्हणून पोरीच्या अंघोळीच्या टबात गंजवलंत, तेही मी गिळलं. पण आज ती दारात डोळे सताड उघडे ठेवून पडली होती. गदागदा हलवलं, तरी हूं नाही की चूं नाही. तिला उचलून दवाखान्याकडे धावणार, तोच भावोजी टाळ्या पिटत म्हणाले, "वहिनी, आमच्या रणांगणातलं सगळ्यात छोटं प्रेत!" तुम्हीही हसलात. शिसारी आली मला. तीन वर्षांच्या लेकराला श्वास कोंडायला शिकवता?

आत्ता ती झोपलीये. लिहितानाही दर ओळीला तिच्या नाकाशी बोट धरून बघतेय.