पिवळीचा सुजलेला गाल

सोमवार, ४ तारीख.
आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. सोय नातीने करून दिलीय. लिहिलेलं मलाच वाचता येत नाही, म्हणजे गुपित फुटायची भीती नाही.
लेक, सून, नात आठ दिवस बाहेर गेले. सून म्हणत होती, आई, सोबतीला दिवसभराची बाई ठेवू या का? मी म्हटलं, मी काय पाळण्यात आहे? शेवटी ठरलं असं: आठ दिवस मी घर नीट सांभाळलं, तर बाईचा विषय कायमचा बंद. झालाच म्हणून समजा.
नातीची माशांची पेटीही माझ्याकडेच. निघताना ती पिवळीबद्दल, म्हणजे तिच्या लाडक्या मासोळीबद्दल, बराच वेळ काहीतरी समजावत होती. मी मान हलवत राहिले. पाच पोरं वाढवलीत मी. मला मासा शिकवतेय!

मंगळवार, ५.
पिवळी जेवत नाही. बाकीचे दाण्यांवर तुटून पडतात, ही कोपऱ्यात तोंड मिटून. गाल टम्म. बघताक्षणी ओळखलं: दाढ. माझी सुजली होती तेव्हा मीही अशीच भिंतीकडे तोंड करून बसले होते.
पाण्यात चमचाभर मीठ टाकलं. गुळणी आपोआप होईल.

बुधवार, ६. दुपार.
गुळणी करत नाही. हट्टी आहे.
सुनेचा फोन. सगळं ठीक ना? मी म्हटलं, टकाटक. खोटं नाही ते. एक मासा म्हणजे सगळं नव्हे.
शेजारचे मास्तर डोकावले. म्हणाले, आजी, नातीला फोन करून विचारा की. विचारू? म्हणजे सून म्हणायला मोकळी, बघा, आईंना एक मासा झेपेना! मास्तरांना चहा न देताच वाटेला लावलं.

शुक्रवार, ८.
पिवळीला पातेल्यात हलवलं. चारचौघांत आजारी माणसाला लाज वाटते. पकडताना अर्धी खोली भिजली. फरशी पुसायचीच होती.

शनिवार, ९.
गुण आला! चमच्याच्या दांड्याने गाल हळूच दाबला, तर पिवळीने भसाभसा पिवळे दाणे ओकले. वळवळत होते. जंत, दुसरं काय! सगळे बेसिनमध्ये ओतले आणि वरून नळ सोडला. गाल लगेच उतरला.
परत पेटीत सोडलं. संध्याकाळभर कोपरान् कोपरा हुंगत फिरत होती, काहीतरी हरवल्यासारखी. भूक लागली असणार. दाणे टाकले, तर खाल्लेही.

रविवार, १०.
उद्या येतील. दारातच सांगणार. गल्लीत कुणाला दिवस गेलेत ते मी नुसत्या चालीवरून ओळखायचे, त्या बाईला स्वतःला कळायच्या आधी. त्याला तशी नजर असावी लागते. सोबतीच्या बाईचा विषय संपला. मास्तरांच्या मांजराचा कान पिकलाय म्हणे, तोही बघून टाकावा.

सोमवार, ११. संध्याकाळ.
आले. नात चपलाही न काढता पेटीकडे धावली. आजी, हिचं तोंड रिकामं कसं?
ही जात पिल्लं तोंडात वाढवते म्हणे. ती पोहण्याजोगी होईपर्यंत आई अन्नाला शिवत नाही. तुला सांगितलं होतं ना, म्हणाली. तू मान हलवलीस ना.
लेक म्हणाला, अगं आई, एक फोन करायचास. सून फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.
नात रडली नाही. एवढंच विचारलं, त्यांना डोळे होते का गं?
मी म्हटलं, चष्मा नव्हता गं तेव्हा.
चष्मा होता.

गुरुवार, १४.
बाई आली. सकाळी येते, संध्याकाळी जाते. मी सुनेला स्पष्ट विचारून घेतलं, कुणासाठी? ती म्हणाली, माशांकडे बघायला हो, आई. मग हरकत नाही. माशांना कुणीतरी हवंच होतं.
स्वभावाने बरी वाटते. फक्त पेटी बाहेरच्या खोलीत आहे आणि ती खुर्ची टाकून बसते माझ्या खाटेशी. नवीन आहे. कळेल हळूहळू.